मांडव उभा राहण्यापूर्वी

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातल्या शाळांमध्ये मी ३१ वर्षे शिकवले. त्या काळात हजेरीपटावरून गळालेल्या नावांपैकी एक नाव अजून माझ्या मनातून जात नाही. बांधकामावर राबणाऱ्या कुटुंबातली ती मुलगी आठवीत होती. मराठी तिची घरची भाषा नव्हती, तरी तिची वही वर्गात सर्वांत नेटकी असे. सुटीत ती गावी गेली आणि परतली नाही. शाळा सुरू झाल्यावर तिचा धाकटा भाऊ एकटाच आला आणि मी विचारताच म्हणाला, "ताईचे लग्न झाले, बाई." मी तिच्या नावापुढे 'शाळा सोडली' असा शेरा लिहिला. खरे म्हणजे शाळा तिने सोडलीच नव्हती. सुटीपूर्वी तिची आई दोनदा फाटकापाशी येऊन शाळेच्या दाखल्याची चौकशी करून गेली होती, आणि दाखला कशासाठी हवा, हे मी तिला एकदाही विचारले नव्हते.

बालविवाहाचा विषय निघाला की आपण गोमंतकीय काहीसे निश्चिंत असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीनुसार, देशातील २० ते २४ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २३ जणींचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. गोव्यात हे प्रमाण शंभरात सहाच्या आत आहे. परंतु आपल्या दोन्ही शेजाऱ्यांकडे, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, ते एकवीस-बावीसच्या घरात आहे, आणि आपल्या इमारती व रस्ते ज्यांच्या हातांनी उभे राहतात त्यांतली कितीतरी कुटुंबे तिथूनच येतात. गोव्यात लग्नाची नोंदणी सक्तीची आहे. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात जन्मदाखला दाखवून पहिली सही करावी लागते, मग सूचना लागते, मुदत जाते आणि त्यानंतर दुसरी सही होते. वय लपवणाऱ्याला ही वाट अवघड असते. पण ती राखण होते फक्त इथे लागणाऱ्या लग्नांची. सुटीत गावी नेऊन उरकलेल्या लग्नाची या कार्यालयाला गंधवार्ताही नसते. ती असते शेजारच्या खोलीतल्या बाईला, मुकादमाला, दुकानदाराला आणि शाळेतल्या बाईंना.

म्हणूनच मला आज कायद्याआधी समाजाविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी परक्या प्रांतात जाण्याची गरज नाही. आपल्याच देवळांच्या आवारात एके काळी शेंस नावाचा विधी होत असे. देवळाच्या सेवेत नाचगाणे करणाऱ्या कलावंत समाजाच्या घरातल्या कोवळ्या मुलीला नटवून, नवरदेवाच्या वेशात हाती कट्यार घेतलेल्या दुसऱ्या मुलीशी तिचे लग्न लावले जाई, आणि त्या दिवसापासून संसाराचा मार्ग तिला कायमचा बंद होई. ही चाल मोडण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी जे उभे राहिले ते त्याच समाजातले लोक होते. काणकोणच्या पैंगीण गावचे राजाराम पैंगीणकर हे त्यांतले अग्रणी. त्यांनी आपल्या माणसांना एकत्र आणून सांगितले की आपल्या मुली शाळेत जातील आणि त्यांची रीतसर लग्ने होतील. गावातल्या वजनदार माणसांचा रोष, देवळातल्या मानाचा प्रश्न आणि चरितार्थाची चिंता, हे सारे पत्करून घरोघरी हा निर्णय घेतला गेला. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना, ज्यांचे स्वतःचे शेंस झाले होते, आपल्या नातीचे होऊ द्यायचे नाही असे म्हणताना काय वाटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. त्याच समाजातून आलेले भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांनी खेडोपाडी शाळा उघडल्या, आणि १९७३ साली त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्रिपदावर बसल्या.

आता कायदा. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा गोव्यालाही लागू आहे. लग्न लावणारा आणि ते होऊ देणारा, दोघांनाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मला मात्र त्यातले तेरावे कलम अधिक मोलाचे वाटते. ठरलेल्या बालविवाहाची खबर कोणीही दिली तरी न्यायदंडाधिकारी तो थांबवण्याचा मनाई हुकूम काढू शकतात, आणि तो हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. हुकूम नसेल, तर झालेले लग्न आपोआप रद्द होत नाही. मुलीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन ते रद्द करून घ्यावे लागते. कडेवर मूल आणि पाठीशी कोणी नाही, अशा मुलीने ते कसे करावे? सर्वोच्च न्यायालयानेही १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात शिक्षेपेक्षा प्रतिबंधाला आणि मुलांच्या संरक्षणाला अग्रक्रम द्यावा असे सांगितले आहे, ते याच कारणाने मला पटते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

पण नुसते लग्न थांबवून भागत नाही. आईबाप वैरी नसतात. दोघेही दिवसभर कामावर आणि पत्र्याच्या खोलीला धड कडी नाही, अशा वेळी वयात आलेल्या मुलीची धास्ती खरी असते. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांमध्ये नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्या जोडीवर मिळते; तिथे लग्न हे कामाचेच साधन बनते. या धास्तीवर आणि या गरजेवर गावाने काही उत्तर काढले, तरच मुलगी शाळेत राहते. राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यातील पिपलांत्री गावाने ते आपल्या परीने काढले आहे. तिथे मुलगी जन्मली की गाव १११ झाडे लावते, वर्गणी आणि आईबापांची भर घालून तिच्या नावे ठेव ठेवते, आणि अठरा वर्षांपूर्वी तिचे लग्न करणार नाही असे आईबाप लिहून देतात.

आमच्या वाड्यावरच्या महिला मंडळाकडे एवढे बळ नाही. देवळाच्या सभागृहाची एक खोली आम्ही मागून घेतली आणि आईबाप कामावरून परतेपर्यंत मुलींनी तिथे बसून अभ्यास करावा अशी सोय केली. पाळीपाळीने दोघी जणी थांबतात आणि अंधार पडला तर मुलींना घरापर्यंत पोचवतात. सध्या नऊ मुली येतात. गेल्या सुटीत त्यांतली एक आईबरोबर गावी निघाली, तेव्हा तिच्या आईजवळ बसून आम्ही परतीचा दिवस विचारला, मुलीच्या वहीत तो लिहून दिला आणि आमचे फोन नंबरही दिले. त्या दिवशी सकाळी आम्ही तिघी डिचोलीच्या बसस्थानकावर जाऊन उभ्या राहिलो. बस तासभर उशिरा आली. मुलगी पिशवी सावरत उतरली आणि पहिल्यांदा तिने विचारले ते, बीजगणिताचा धडा किती पुढे गेला.

नमस्कार.