फोल्डर

नागपुरातल्या बर्डीची ही गल्ली, फोन दुरुस्तीचं दुकान जेमतेम दोन माणसं बसतील एवढं, आणि काउंटरवर सकाळपासून आलेले फोन बघा, सगळे फुटलेले आणि सगळे मोठे.

भाऊ आधी फोन गरम प्लेटवर ठेवतो, साधारण ८० डिग्री, म्हणजे काच आणि डिस्प्लेच्या मधला गोंद मऊ पडतो. या गोंदाला इथे ओसीए म्हणतात. पूर्वी बऱ्याच फोनांत टच वेगळा, डिस्प्ले वेगळा, फुटलं ते बदललं की झालं. आता काच, टच, डिस्प्ले सगळं एकमेकांना चिकटवूनच येतं आणि त्या पूर्ण जोडाला बर्डीत फोल्डर म्हणतात, फोन घडीचा नसला तरी. आता ही तार बघा, केसाहून बारीक. काच आणि डिस्प्लेच्या मधून सरकून राहिली, भाऊचे दोन्ही हात सारखे, श्वास रोखलेला, कारण जरा तिरकी गेली की डिस्प्लेवर कायमची रेघ. मग जुना गोंद बोटानं घासून घासून काढायचा, नवीन ओसीए, नवीन काच, व्हॅक्यूममध्ये दाबायचं, राहिलेले बुडबुडे दुसऱ्या मशीनमध्ये घालवायचे. कडा वळलेली स्क्रीन असली की हेच काम दुप्पट जिकिरीचं.

२००७ चा पहिला आयफोन ३.५ इंच होता. २०११ मध्ये ५.३ इंचाचा गॅलेक्सी नोट आला तेव्हा लोक म्हणाले ही पाटी कानाला लावायची कशी! आज ६.७ इंच नेहमीचं झालंय. पण इंच मोजतात तिरपे, आणि आजचे फोन रुंदीला त्या नोटपेक्षा कमीच भरतात, वाढलेत ते उंचीला. म्हणून तर मेट्रोतली ही ताई, एका हातात दांडा, दुसऱ्यात फोन, अंगठा वरपर्यंत पोचतच नाही. छोटा फोन लोक घेत नाहीत म्हणतात, ५.४ इंचाचा आयफोन मिनी २०२० आणि २०२१ असा दोनच वर्षं आला, पण मला विचाराल तर तो हवा असणारे लोक आहेत, दुकानात आता विचारायलाच काही उरलं नाही.

पुढचं सगळं घडीवर चाललंय. २०२४ मध्ये हुआवेने दोन ठिकाणी दुमडणारा, तीन पदरांचा फोन काढला, उघडला की १०.२ इंच. घडीच्या स्क्रीनवरची काच ३० मायक्रॉनच्या आसपास, साध्या कागदाच्याही निम्म्याहून पातळ. तिथे ही तार चालत नाही, आतली स्क्रीन सहसा पूर्णच बदलावी लागते.

काढलेले जुने फोल्डर या पोत्यात जातात, पोतं भरलं की कबाडीवाला नेतो.

भाऊचा स्वतःचा फोन जुना, ५ इंचाचा. वाजला. एका हाताला गोंद लागलेला, दुसऱ्या हातानं उचलला, अंगठ्यानंच.