भीमाची दोन बोटं

नमस्कार श्रोतेहो. आज अण्णाभाऊ साठे. जन्म 1 ऑगस्ट 1920, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. शाळा दीड दिवसाची. मुंबई गाठली ती पायी. पुढं हमाली, गिरणी, लाल बावटा कलापथक आणि घाटकोपरची चिरागनगर झोपडपट्टी. 'फकिरा' तुम्ही वाचलेलीच असणार, म्हणून आज 'स्मशानातील सोनं' ही कथा.

भीमा, वारणाकाठचा धिप्पाड गडी. मुंबईच्या उपनगरात दगडखाणीत लागतो, आणि एक दिवस खाण बंद होते. लक्षात ठेवा, खाण बंद. घरी परतताना वाटेत मसणवट्यातल्या राखेत काहीतरी चमकतं. अंगठी! मग रोज राख चाळायची. रवा चाळताना भुसकट वेगळं होतं ना, तसंच. सोनं जळत नाही, आणि जड इतकं की राख उडून जाते, ते तळाशी राहतं.

राखेत सापडेना तेव्हा तो पुरलेली मढी उकरू लागतो. एका रात्री श्रीमंताच्या मढ्यावर कोल्हे आधीच टपलेले. पहार घेऊन त्यांच्याशी झुंजतो, त्यांना हाकलतो, मग मढ्याच्या तोंडात सोनं शोधतो. मेल्यावर काही तासांत अंग ताठतं, आणि जबडा तर अगदी सुरुवातीलाच. म्हणून दातात पहार घालून तोंड उघडावं लागतं. बोटं आत असतानाच पहार निघते, जबडा मिटतो आणि बोटं अडकतात. बोटं निघतात कशीबशी, पण डॉक्टर दोन कापून टाकतो. आणि तेव्हाच कळतं, खाण पुन्हा सुरू झाली.

खाण बंद, खाण सुरू. सगळा अन्याय या दोन बातम्यांत आहे. मालक कथेत शिवीही देत नाही, कुणी खलनायक नाही. (परीक्षेत 'लेखकाचा उद्देश लिहा' असा प्रश्न घालणाऱ्यांना मात्र काहीतरी शिक्षा हवी. उद्देश पाच ओळींत मावला असता तर माणसानं कथा कशाला लिहिली असती?)

आता खाणीतलं काम बघा. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडा. मोठा दगड असला की दोन्ही हातांनी घण. दांडा मुठीत घट्ट बसायला पाची बोटं लागतात. दोन गेली की घण दगडावर आपटताच दांडा मुठीत फिरतो, घाव तिरका पडतो, कधी निसटून शेजारच्याच्या पायावर. अशा गड्याला मुकादम घणावर उभा करत नाही. भीमाला हे कुणी सांगावं लागत नाही. तो आपल्या हाताकडं बघतो आणि लहान पोरासारखा रडतो.