मॅटाडोरवरचं घर

(दृश्य: ताडपत्री ओढली जाते. फिकट हिरवा पत्रा, छतावर सामानाची जाळी.)

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या आतल्या अंगाला, एका बैठ्या घराच्या आवारात ही गाडी उभी आहे. बाहेरून पाहाल तर साधी मॅटाडोर व्हॅन. मागचं दार उघडलं की समोर येतो ओटा. ओट्याला लागून स्टीलचं छोटं सिंक, वर डब्यांची फळी आणि फळीला पुढून पितळेची दांडी, घाटात डबे अंगावर येऊ नयेत म्हणून. उजवीकडचा बाक पुढे ओढला की त्याचा पलंग होतो. ऐंशीच्या दशकात ठाण्यातल्या एका कुटुंबानं हे बांधून घेतलं. पंढरपूर, तुळजापूर, गणपतीपुळे, सगळं याच घरातून झालं.

(दृश्य: पुढचा भाग जवळून. चाकामागचा जॉइंट, ग्रीसचे थर.)

आपली मॅटाडोर आकुर्डीला, बजाज टेम्पोच्या कारखान्यात बनायची. तिचं मूळ मात्र जर्मनीतलं, हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागातलं. तिथली विडाल उंड झोन ही कंपनी ‘टेम्पो’ या नावानं तीनचाकी मालगाड्या काढत असे. १९४९ मध्ये तिनं पहिली मॅटाडोर रस्त्यावर आणली. इंजिन फोक्सवॅगनचं होतं. ते १९५२ मध्ये मिळेनासं झालं, तरी गाडी टिकली. १९५५ मध्ये कंपनीची निम्मी मालकी हानोमाग या दुसऱ्या जर्मन वाहन कंपनीकडे गेली, दहाएक वर्षांत उरलेलीही गेली आणि पुढे हानोमागच्या मालगाड्यांचा व्यवसाय डाइमलर-बेंझनं घेतला. आज विडाल नाही, हानोमागच्या मालगाड्या नाहीत. बजाज टेम्पोही २००५ पासून फोर्स मोटर्स या नावानं ओळखली जाते.

या गाडीवर घर बांधावंसं का वाटलं, ते खाली वाकल्याशिवाय कळत नाही. मॅटाडोरला पुढची चाकं ओढतात. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट हिच्या पोटाखाली नाहीच. त्यामुळे फरशी खाली बसते आणि सपाट राहते. आजीला चढायला एक पायरी पुरते. आत उभं राहता येतं, आणि त्यासाठी छत फार उंच करावं लागत नाही.

अडचण यायची चढावर. घाटात वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. पावसाळ्यात जास्तच. यावरचा उपाय कुठल्याही पुस्तकात सापडायचा नाही, तो इथे बघा.

(दृश्य: मिस्त्री पुढच्या सीटमागचं झाकण उचलतात.)

पाण्याची टाकी पुढच्या सीटच्या अगदी पाठीला. साठ लिटर पाणी, म्हणजे साठ किलो वजन, ते पुढच्या चाकांच्या जेवढं जवळ आणता येईल तेवढं आणलेलं. गॅसचा सिलिंडरही पुढेच, त्याच्या कप्प्याला खालून जाळी, म्हणजे गळती झालीच तर गॅस बाहेर जाईल. मागे ठेवलंय ते हलकं सामान: अंथरुणं, घडीच्या खुर्च्या. वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर बॉडी बांधलेले हे मिस्त्री म्हणतात, ‘आधी सिलिंडर कुठे, पाणी कुठे, हे ठरवायचं. मग भिंती.’

(दृश्य: ग्राफपेपर, ओळंबा, खडूची रेघ.)

आता आम्ही करतोय ते काम: घर बांधलेल्या अशा मॅटाडोर भंगारात जाण्याआधी त्यांची मापं घेऊन नकाशे काढून ठेवणं. गाडीच्या मधोमध, पुढून मागे, फरशीवर खडूची एक सरळ रेघ मारायची. पुढची सगळी मापं त्या रेघेपासून. छताची कमान मोजायला वरून ओळंबा सोडायचा, दर सहा इंचांवर एक माप. कोपऱ्यांची गोलाई बटर पेपरवर उतरवून घ्यायची. मग एका आडबाजूच्या जागी पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवायचा. बघा, हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली क्रीम आणि तळाशी लालसर प्रायमर. मूळ रंग क्रीम होता, हे घरच्यांनाही आठवत नव्हतं.

आणि हे. ओट्यामागचं सनमायका सुटलेलं होतं, ते अलगद काढलं तर खाली प्लायवर पेन्सिलीनं केलेली बेरीज. इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. शेजारी एका खिडकीचं कच्चं चित्र, त्यावर फुली, आणि बाजूला नवीन चित्र, चार बोटं खाली घेतलेलं. बाकावर बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसावं म्हणून. या गाडीचा नकाशा म्हणावा असा कागद एवढाच. मिस्त्रींनी अक्षर लगेच ओळखलं, त्यांच्या वडिलांचं.

(दृश्य: मिस्त्रींचा हात प्लायवर. निवेदन नाही, दहा सेकंद.)

जपानी बनावटीच्या गाड्या आल्या, १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली, मॅटाडोर मागे पडली. २०२१ च्या विंटेज नियमात बसायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि मूळ रूपातच लागते. ही घरं दोन्हीकडे नापास. चित्रीकरण सुरू असतानाच कळव्याची एक गाडी भंगारात निघाली. तिची मापं घेऊन झाली होती.

(दृश्य: टेबलावर पसरलेले नकाशे.)

कोणी मॅटाडोर जपून ठेवलीच, तर पुढचे जॉइंट नाहीतर काच अजून कुठे ना कुठे मिळू शकते. ओटा, टाकी, खिडकी मात्र ज्यानं बांधली त्याच्याच हातातली. आम्हाला गाडी विकत घ्यायची नाही, आणि विकू नका असंही सांगायचं नाही. ठाणे, भिवंडी, पनवेल, तुर्भे, कुठेही ताडपत्रीखाली अशी गाडी असेल, तर भंगारवाल्याला बोलवण्याआधी एक दिवस आम्हाला द्या. सनमायका ओढून काढू नका, रंग खरवडू नका. आणि बांधणारे मिस्त्री हयात असतील तर त्यांनाही गाडीपाशी घेऊन या.