शब्द कुणाचे, हे वाचणाऱ्याला कळू द्या

नमस्कार श्रोतेहो.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आता संशोधन प्रकल्प लिहावा लागतो आणि पीएच.डी.ला तर सगळा प्रबंधच. आपल्या मराठवाड्यातली कितीतरी मुलं बारावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि मग एकदम पानंच्या पानं इंग्रजीत लिहायची वेळ येते. मी इंग्रजी शिकवते. प्रकल्प जमा करायचे दिवस आले की मुलांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: "मॅडम, टक्के किती आले?"

हे टक्के म्हणजे आपल्या लेखनाचं दुसऱ्यांच्या लेखनाशी सॉफ्टवेअरने शोधलेलं साम्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर थांबायचं आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंत योगायोगाने जुळलेला मजकूर धरायचा नाही, असंही त्यात आहे. मुलांनी याचा अर्थ भलताच लावला. दहा टक्के उचलायची परवानगी आहे आणि चौदा शब्द तर फुकटच, असं ती एकमेकांना सांगतात. खरं तर त्याच नियमांत एक दिलासाही आहे, तो कुणी सांगत नाही. रीतसर श्रेय देऊन घेतलेलं अवतरण या मोजणीतून वगळलेलं आहे. म्हणजे अवतरण नीट दिलं तर टक्क्यांना घाबरायचं कारणच उरत नाही.

मग मुलं उचलेगिरी का करतात? आळस हे कारण मला फार थोड्यांच्या बाबतीत पटतं. बहुतेकांना स्वतःच्या इंग्रजीची लाज वाटते. पुस्तकातलं वाक्य इतकं छान असतं की आपलं त्याच्या शेजारी ठेववत नाही. मग चार शब्द बदलायचे, वाक्याची शेपटी पुढे आणायची, दुसऱ्या पुस्तकातली एक ओळ जोडायची. रिबेका हॉवर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी याला पॅचरायटिंग म्हटलं, म्हणजे ठिगळं जोडत लिहिणं. नवी भाषा शिकताना माणूस या टप्प्यातून जातोच, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते मनापासून मान्य आहे. अशा मुलाला चोर म्हणू नये, त्याला पुढच्या पायरीवर न्यावं.

पण ठिगळाचं काम यंत्रावर सोपवलं की घात होतो. टक्के कमी करून देतो म्हणणारे लोक आहेत, फुकटची सॉफ्टवेअरंही आहेत. ती प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द लावत सुटतात. २०२१ मध्ये गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून आलेल्या शोधनिबंधांतून असे प्रयोग शोधून काढले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफीट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट चेतना! यापेक्षा तुमचं साधं, जरा अडखळणारं वाक्य शंभर पटींनी बरं. व्याकरण मी तपासून देईन, बाकीचे शिक्षकही देतील. विचार मात्र तुमचा हवा.

आता एक चूक जरा जवळून बघू, कारण ती आपल्या मराठीतूनच येते. समजा, तुम्ही पीकविम्यावर काम करताय आणि सोयाबीन लावणाऱ्या एका शेतकऱ्याला भेटलात. मराठीत आपण बिनदिक्कत म्हणतो, "शेतकरी म्हणाला की मी हप्ता भरला होता." इथे 'मी' म्हणजे शेतकरी, हे आपल्याला कळतं. तेच इंग्रजीत शब्दाला शब्द उतरवलं, 'द फार्मर सेड दॅट आय हॅड पेड द प्रीमियम', की हप्ता शेतकऱ्याने नव्हे, तुम्ही भरला असा अर्थ होतो! 'दॅट' घेतलं तर 'ही हॅड पेड' म्हणा आणि अवतरणचिन्हं देऊ नका. 'आय' ठेवायचा असेल तर 'दॅट' गाळा, स्वल्पविराम द्या आणि अवतरणचिन्हांत लिहा. शिवाय तो शेतकरी बोलला मराठीत, इंग्रजी शब्द तुमचे आहेत, हेही एकदा सांगून टाका.

मराठी पुस्तकांचंही तेच. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचा एखादा विचार तुम्ही स्वतः इंग्रजीत आणलात, तर एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत तो अवतरण धरत नाहीत. आपल्या शब्दांत सांगितलेला आशय म्हणून तो द्यायचा, अवतरणचिन्हांशिवाय, पण कुरुंदकरांचं नाव आणि साल देऊन. एमएलए ही संदर्भ देण्याची दुसरी पद्धत, तिच्यात भाषांतर माझं आहे अशी नोंद करायची. आणि जे मुळात इंग्रजीतच आहे त्याचं मराठी वाचून पुन्हा इंग्रजी करू नका. बाबासाहेबांचा संदेश आपल्याकडे 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असा भिंतीभिंतीवर आहे. १९४२ च्या नागपूरच्या भाषणातला इंग्रजी क्रम मात्र 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ' असा आहे. मराठी घोषणेचं इंग्रजी करून अवतरणचिन्हांत टाकलंत तर बाबासाहेबांच्या तोंडी तुमचा क्रम जातो.

'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'बद्दल तर मुलं सर्रास लिहितात की बाबासाहेब लाहोरच्या भाषणात असं म्हणाले. ते भाषण झालंच नाही. आयोजकांनी परिषद रद्द केली आणि बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ते स्वतः छापलं. तेव्हा 'सेड' नाही, 'रोट' म्हणा, नाहीतर 'आर्ग्यूज' म्हणा. पानाचा आकडा देताना आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे तेही बघा. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या, बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडातला पान क्रमांक सुट्या आवृत्तीत सापडणार नाही.

आजकाल वाचनालयात कुणी टिपणं काढत नाही, मोबाइलवर फोटो काढतात. काढा, माझी हरकत नाही. पण आधी पुस्तकाच्या नावाचं पान, मग त्याच्या मागचं साल आणि प्रकाशकाचं पान, आणि मग हवा तो मजकूर, तोही पान क्रमांक दिसेल असा. हा खालचा आकडा कापला जातो आणि जमा करायच्या आदल्या दिवशी पोरं पुस्तक शोधत हिंडतात. वहीत उतरवून घेणार असाल तर अवतरणचिन्ह त्याच क्षणी घाला. महिन्याने तुमचं वाक्य कोणतं आणि लेखकाचं कोणतं, हे तुम्हालाही ओळखता येत नाही.

चिन्हांचे नियम थोडक्यात. एपीएमध्ये ४० किंवा जास्त शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून, चिन्हांशिवाय लिहायचं. एमएलएमध्ये गद्याच्या चार ओळींच्या वर गेलं की तसं. मधला मजकूर गाळला तर तीन टिंबं, आपला शब्द घातला तर तो चौकोनी कंसात. गाळताना 'नॉट' गाळला जाणार नाही, एवढं मात्र दोनदा तपासा.

बऱ्याच मुलांना एक संकोच असतो. 'डॉ.' न लावता, नुसतं 'आंबेडकर' कसं लिहायचं? इंग्रजी संशोधनलेखनात आडनावच लिहितात, पदव्या आणि मानाचे शब्द गाळतात, मग लेखक कितीही मोठा असो. यात अनादर नाही. त्यांचा शब्द न बदलता, त्यांच्याच नावावर देणं, हाच तिथला आदर.

मार्गदर्शकांना माझी एक विनंती आहे. सॉफ्टवेअरचा अहवाल उघडण्याआधी विद्यार्थ्याला समोर बसवा. त्याने दिलेल्या अवतरणांपैकी कोणतंही एक निवडा, पुस्तक मागवा, ते पान काढा आणि दोघं मिळून शब्दन्‌शब्द ताडून बघा. पुस्तक मिळालं नाही आणि तो वाक्य दुसऱ्या कुणाच्या लेखातून घेतलंय म्हणाला, तर तेच खरं खरं लिहायला सांगा: अमक्याने उद्धृत केलेलं. इंग्रजीत त्यासाठी 'ॲज सायटेड इन' म्हणतात. ते लिहिण्यात कमीपणा काहीच नाही.

नमस्कार.