मोहोर म्हणजे आंबो न्हय

(देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयात डिसेंबरअखेर झालेलं बोलणं, थोडं निगुतीने उतरवलेलं)

बसा बसा, मागच्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत इथे. वाचनालयवाल्यांनी मला विषय दिलाय 'नववर्षाचे संकल्प', आणि मी मनात म्हटलं की ह्या विषयावर बोलायला गावात माझ्यापेक्षा अनुभवी माणूस नाही कारण मी दरवर्षी करतो आणि दरवर्षी मोडतो. मागच्या वर्षी ठरवलं, रोज 10 हजार स्टेप्स. मोबाईलमध्ये ॲप घेतलं, मुलाने बूट पाठवले. 9 जानेवारीला फवारणीचा पंप बिघडला, 2 दिवस त्यात गेले, आणि मग बूट जे पडवीत गेले ते अजून तिथेच आहेत, मांजरीने त्यात पिल्लं घातली.

आता मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, वडिलांची आंब्याची 84 कलमं सांभाळतो. बँकेत टार्गेट मार्चअखेरचं असायचं, एप्रिलला पाटी कोरी. घरी आई पाडव्याला वर्ष धरायची. इंग्लंडात तर 1752 पर्यंत सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे 1 जानेवारीत काही देवत्व आहे असं नाही. कोणीतरी ठरवलेली तारीख. पण तारखेवर माझा राग नाही, राग आहे तो आपण त्या दिवशी काय ठरवतो त्यावर.

बागेचं बघा ना. आत्ता थंडी पडली की मोहोर येईल, लोक रस्त्यावरून जाताना म्हणतील वा काय फुललीय बाग. पण हा मोहोर आत्ताच्या थंडीचा एकट्याचा नाही हो. जुलै-ऑगस्टात, पाऊस कोसळत असताना, बुंध्याभोवती चर मारून कल्टार, म्हणजे पालवी रोखून मोहोर आणणारं औषध, घातलं का, खत घातलं का, ऑक्टोबरात पालवीवर तुडतुडा, म्हणजे रस शोषणारा किडा, बघितला का, त्यावर तो ठरतो. पावसाळ्यानंतर जास्त पालवी फुटली तर ती काडी कोवळीच राहते, थंडी कितीही पडो तिला मोहोर नाही. जानेवारीत झाडाखाली उभं राहून संकल्प करून काही उपयोग नाही, कळतंय ना मी काय म्हणतोय?

आमच्या शेजारचे तात्या होते, आता नाहीत. पहिल्या वर्षी मी गच्च मोहोर बघून पेट्यांचा हिशोबच मांडायला बसलो, इतक्या पेट्या वाशीच्या बाजाराला, इतके पैसे, त्यातून पंप नवा. ते गडग्यावरून म्हणाले, "मोहोर म्हणजे आंबो न्हय, झिला." एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं, त्यातली बरीचशी नुसती नर, उरलेल्यातून कणी, म्हणजे बारीक फळ, धरते तीही बहुतेक गळते, शेवटी तुऱ्याला एखादा आंबा टिकला तरी नशीब. त्या वर्षी फेब्रुवारीत ढगाळ हवा आली. पंप जुनाच राहिला.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की पेट्या हा संकल्प होऊ शकत नाही. ढग आपल्या हातात नाहीत. फवारणी कुठल्या दिवशी करायची ते आहे. वजन 10 किलो कमी करीन ह्या पेट्या झाल्या, संध्याकाळी भाकरी एक कमी खाईन ही फवारणी. आमच्या हिला हे सांगितलं तर ती म्हणाली आधी मासे तळायचे बंद करा, मी विषय बदलला.

बंदरावरचे लोक आपल्यापेक्षा शहाणे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा बसून जाळी दुरुस्त करतात, होडीची डागडुजी करतात. ऑगस्टात निघताना कोणी भाषण करत नाही. आणि आपण, जाळं फाटलेलं तसंच घेऊन 1 तारखेला समुद्रात!

पांडुरंग वामन काणे, आपल्या कोकणातलेच, शाळा दापोलीत झाली. त्यांनी एका जुन्या ग्रंथाला प्रस्तावना लिहायची म्हणून सुरुवात केली आणि ती वाढत वाढत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे 5 खंड झाले, पहिला 1930ला, शेवटचा 1962ला, साडेसहा हजारांच्या वर पानं, तेही हायकोर्टातली वकिली सांभाळून. 1963ला भारतरत्न. आता मला सांगा, 5 खंड लिहीन असा संकल्प करून ते बसले असते तर? मी तर पहिल्याच दिवशी पळालो असतो.

मागे ती मुलगी हात वर करतेय, हां बोल गो. … एमपीएससी करतेय म्हणते, ह्या वर्षी पास व्हायचंच असं भिंतीवर लिहिलंय. लिही की, कोण नको म्हणतंय. पण त्याच भिंतीवर खाली सकाळचे कुठले 2 तास ते लिही. आणि पाहुणे आले की ते तास कुठे सरकवणार तेही लिही, कारण मे महिन्यात मुंबईचे सगळे येणार, आंबे खायला, आणि चहा तुलाच करायला लावणार.

माझं काय म्हणता? मी ह्या वर्षी बूट पडवीतून बाहेर काढले नाहीत. एक वही केलीय, दर शनिवारी 84 कलमांखालून फिरायचं आणि प्रत्येकासमोर एक शब्द लिहायचा, पालवी, मोहोर, तुडतुडा, काही नाही, जे असेल ते. सुरुवात ऑक्टोबरातच केली, जानेवारीची वाट नाही बघितली. आत्तापर्यंत 11 शनिवार झाले, त्यातले 2 रिकामे आहेत. एकदा भाचीचं लग्न, एकदा नुसता कंटाळा. 'कंटाळा' असंच लिहून ठेवलंय तिथे, ही हसते.