गेटपासून खोलीच्या दारापर्यंत: डिस्नेलँडजवळचं हॉटेल निवडताना

नमस्कार मंडळी. उन्हाळ्याची सुट्टी लागते, भारतातून आजी-आजोबा आलेले असतात, आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत डिस्नेलँडचा विषय निघतो. तिकिटांवर आठवडाभर खल होतो. हॉटेल मात्र कोणीतरी रात्री अकरा वाजता फोनवर उरकून टाकतं. 'डिस्नेलँडपासून अर्धा मैल' असं लिहिलेलं असतं, फोटोत पोहण्याचा तलाव दिसतो, झालं काम. आज बोलायचं आहे ते या अर्ध्या मैलाबद्दल.

आधी एक प्रश्न. डिस्नेलँडला चालत जाण्याजोगी एवढी खासगी हॉटेलं आहेतच कशी? १९५५ साली अ‍ॅनाहाइममध्ये हे पार्क उघडलं, तेव्हा वॉल्ट डिस्नेंनी संत्र्यांच्या बागांची साधारण १६० एकर जमीन घेतली होती. आजूबाजूची घ्यायला पैसे नव्हते. पार्क चालायला लागलं तशी कुंपणालगतच्या रस्त्यांवर मोटेलं उभी राहिली. खुद्द डिस्नेलँड हॉटेलसुद्धा दुसऱ्या उद्योजकाने बांधलेलं. कंपनीच्या ताब्यात ते १९८८ मध्ये आलं. जमिनीचा हा धडा घेऊन फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डसाठी त्यांनी त्याआधीच सुमारे २७ हजार एकर घेतले होते. म्हणून तिथे बाहेरच्या हॉटेलातून पार्कात चालत जाणं जवळपास अशक्य, आणि इथे रस्ता ओलांडला की गेट. फ्लोरिडाच्या अनुभवावरून सल्ला देणाऱ्या मित्रांचं ऐकताना हा फरक ध्यानात ठेवा.

आता अंतर कसं मोजायचं. नकाशावर 'डिस्नेलँड' असं टाकलं की खूण पडते ती पार्काच्या मधोमध कुठेतरी. हॉटेलवाले सांगतात ते अंतर बहुधा कुंपणापर्यंतचं, तेही सरळ रेघेत. पण पार्काला चारही बाजूंनी दारं नाहीत. डिस्नेलँड आणि कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर ही दोन पार्कं समोरासमोर आहेत आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या चौकातच दोघांची गेटं आहेत. या चौकाला एस्प्लनेड म्हणतात. चालत तिथे पोचायच्या मुख्य वाटा दोनच: पूर्वेकडून हार्बर बुलेव्हार्ड, पश्चिमेकडून डाउनटाउन डिस्नेचा बाजार. दोन्हीकडे आधी सुरक्षा तपासणी होते. उत्तरेला बॉल रोडकडे आणि पश्चिमेला वॉलनट स्ट्रीटकडे पार्काची मागची बाजू आहे. तिथून दार नाही. वॉलनटवरचं हॉटेल नकाशावर पार्काला टेकलेलं दिसतं, पण डाउनटाउन डिस्नेपर्यंत वळसा घालूनच यावं लागतं.

म्हणून नकाशात शेवटचं ठिकाण म्हणून पार्कचं नाव टाकू नका. हार्बरच्या बाजूचं प्रवेशद्वार किंवा एस्प्लनेड टाका, चालण्याचा पर्याय निवडा आणि मग मिनिटं बघा.

हार्बर बुलेव्हार्डवर याहून सोपी युक्ती आहे: पत्त्यातला आकडा वाचा. दक्षिणेकडे जाताना घरक्रमांक वाढत जातात. पादचाऱ्यांचं प्रवेशद्वार साधारण १५४० ते १५७० च्या समोर येतं. बेस्ट वेस्टर्न प्लस पार्क प्लेस इनचा क्रमांक १५४४, म्हणजे अगदी समोर. गेटपर्यंत पाच-सात मिनिटं. फेअरफील्ड १४६०, कोर्टयार्ड १४२०, हॉवर्ड जॉन्सन १३८०. आकडा जितका कमी तितके तुम्ही उत्तरेला सरकलात. हॉवर्ड जॉन्सनपासून दहा-बारा मिनिटं धरा. दक्षिणेला कँडी केन इन १७४७ वर आहे, आणि कटेला अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं हयात हाउस १८०० वर. सम आकडे रस्त्याच्या पूर्वेला, विषम पश्चिमेला, म्हणजे पार्काच्या बाजूला. सम आकड्याचं हॉटेल असेल तर हार्बर ओलांडावा लागणार. हा रस्ता रुंद आहे, सिग्नलला दीड-दोन मिनिटं सहज जातात, आणि फटाके संपल्यावर त्या कोपऱ्यावर बाबागाड्यांची गर्दी लागते.

'गुड नेबर हॉटेल' हा शिक्का बघून फसू नका. डिस्नेशी करार असलेल्या हॉटेलांना तो मिळतो. त्यातली काही समोर आहेत, काही कित्येक मैल लांब. अंतराची हमी त्यात नाही.

आता मिनिटांचा हिशेब, कारण नकाशातली मिनिटं एकट्या, धडधाकट माणसाची असतात. तो मिनिटाला ऐंशी मीटर चालतो. तुमच्या कुटुंबाचा वेग ठरतो सगळ्यात हळू चालणाऱ्यावर: गुडघे दुखणारी आजी, नाहीतर चार वर्षांचा मुलगा. तिथे मिनिटाला पन्नास मीटर धरा. म्हणजे एक किलोमीटर, नकाशात बारा मिनिटं, प्रत्यक्षात वीस. हे अंतर दिवसात एकदा नाही, चारदा चालायचं आहे: सकाळी जाताना, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा, आणि रात्री शेवटचं. समोरच्या हॉटेलातून या चार फेऱ्यांना अर्धा तास लागेल, किलोमीटरभर लांबच्या हॉटेलातून ऐंशी मिनिटं. पार्कात दिवसभरात दहा किलोमीटरच्या आसपास चालणं होतंच, ते वेगळं.

यातली दुपारची फेरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ठरवताना नेमकी तीच विसरली जाते. ऑगस्ट-सप्टेंबरात अ‍ॅनाहाइमचा पारा ३५ अंशांवर जाऊ शकतो. दुपारी एक ते चार सगळ्या राइड्सच्या रांगा लांब, मुलं किरकिरी, आजोबा सावलीतला बाक शोधत असतात. त्या वेळेला खोलीवर येऊन जेवायचं, दीड तास झोपायचं, आंघोळ करून पाचला ताजंतवानं परत जायचं. तिकिटावर त्याच दिवशी पुन्हा आत जाता येतं. हॉटेल दहा मिनिटांत असेल तर हे होतं. वीस-पंचवीस मिनिटांवर गेलं की पहिल्या दिवशी जमतं, दुसऱ्या दिवशी कोणी नाव काढत नाही. गाडीने आलेल्यांची तर आणखी पंचाईत: पार्किंग इमारतीपर्यंत ट्राम, मग गाडी, मग हॉटेल, आणि परतताना पुन्हा तपासणीची रांग. म्हणूनच, चालत जायचंय म्हणून हॉटेलला जास्त पैसे मोजत असाल तर ते या दुपारसाठी मोजा. सकाळ-संध्याकाळ कशीही निभावते.

सकाळचं थोडक्यात. पार्क आठला उघडणार असेल तर सुरक्षा तपासणीच्या रांगेत सव्वासातला उभं राहिलेलं बरं. इथे 'मोफत नाश्ता' या शब्दांची परीक्षा होते. नाश्ता सातला सुरू होत असेल तर पहिल्या दिवशी तुमच्या कामाचा नाही. किती वाजता सुरू होतो ते विचारा, आणि शाकाहारी मंडळी असतील तर अंडी-सॉसेज सोडून काय असतं तेही विचारा. बहुतेक ठिकाणी वॉफल, ओटमील, फळं, दही मिळतं, तेवढ्यावर भागतं.

खोलीत शेगडी नसते, पण लहानसा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह बऱ्याच हॉटेलांत असतो. गृहीत न धरता विचारून घ्या. रेसिडेन्स इनसारख्या ठिकाणी खोलीतच स्वयंपाकघर मिळतं, मात्र कटेलावरचं रेसिडेन्स इन जरा लांब पडतं. चार दिवस राहणार असाल आणि आजींना रोज वरण-भात हवा असेल तर ते अंतर परवडतं. पार्कात बाहेरचे पदार्थ नेता येतात: दशम्या, ठेपले, लाडू, चिवडा चालतो. काचेची बरणी चालत नाही, त्यामुळे लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरा. सुटा बर्फही चालत नाही; पाणी गार ठेवायला थिजवलेली बाटली किंवा बर्फाचे जेल पॅक न्या. बाबागाडी ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, यापेक्षा मोठी नको. ओढायच्या वॅगनसारख्या गाड्या आत सोडत नाहीत, आणि असं कळल्यावर ती ठेवायला परत खोलीवर जावं लागतं. तेव्हाही जवळचं हॉटेल बरंच म्हणायचं.

खोलीचं बघू. सहा माणसांचं कुटुंब ही आपली नेहमीची अडचण. दोन क्वीन पलंगांच्या खोलीत चार माणसं चालतात, पाचवं सहसा नाही. अग्निसुरक्षेचे नियम आड येतात आणि वेबसाइटवर माणसांची संख्या लपवून नोंदवलेली खोली काउंटरवर अडकू शकते. हार्बरवरच्या काही हॉटेलांत बंक-बेडच्या मोठ्या कौटुंबिक खोल्या आहेत, त्या लवकर संपतात. दोन खोल्या घेणार असाल तर मधलं दार असलेल्या मागा, आणि तशी नोंद लेखी घ्या. नुसत्या शेजारशेजारच्या खोल्यांचा उपयोग नाही. रात्री आजीला नातवाकडे जायचं तर बाहेरच्या व्हरांड्यातून फिरावं लागतं.

या पट्ट्यातली जुनी मोटेलं दोन-तीन मजली आहेत, जिने बाहेरून आहेत आणि सगळीकडे लिफ्ट नाही. दिवसभर चालून रात्री अकराला दुसरा मजला चढणं गुडघ्यांना महागात पडतं. लिफ्ट नसेल तर तळमजला मागा. दुसरं, खोली रस्त्याच्या बाजूची की आतली? हार्बरकडे तोंड असलेल्या खोलीला बसचा आणि माणसांचा आवाज असतो. पार्काकडे तोंड असेल तर फटाके दिसतात, पण साधारण साडेनऊला ते धडाडतात, आणि तुमचं दोन वर्षांचं बाळ तेव्हा झोपलेलं असतं. फटाक्यांच्या खोलीसाठी जादा पैसे घेतात. ती आतषबाजी रोज नसते, वर्षातले बरेच दिवस फक्त आठवड्याच्या शेवटी असते. वेळापत्रक बघूनच पैसे मोजा.

डिस्नेची स्वतःची तीन हॉटेलं आहेत. ग्रँड कॅलिफोर्नियनमधून कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमध्ये थेट दार आहे. पैशाचा प्रश्न नसेल तर याला तोड नाही. पिक्सार प्लेस, आधीचं पॅराडाइज पियर, यालाही त्याच पार्कात जायला पाहुण्यांची वेगळी वाट आहे. डिस्नेलँड हॉटेल मात्र बाजाराच्या पलीकडच्या टोकाला आहे. तिथून एस्प्लनेडला दहा मिनिटं लागतात, म्हणजे निम्म्या पैशातल्या समोरच्या मोटेलपेक्षा जास्त. मोनोरेल जवळ आहे खरी, पण ती थेट डिस्नेलँडच्या आत, टुमॉरोलँडमध्ये उतरवते आणि अधूनमधून बंद असते. तिच्या भरवशावर हॉटेल घेऊ नये. पाहुण्यांना लवकर प्रवेश देण्याची सवलत बदलत राहते. नोंदणी करताना कोणत्या दिवशी, किती मिनिटं ते वाचून घ्या.

पैशांचं. जाहिरातीतल्या दरावर अ‍ॅनाहाइम शहराचा १५ टक्के कर आणि पर्यटन क्षेत्राची २ टक्के आकारणी लागते. म्हणजे २०० डॉलरची खोली २३४ ला. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून सक्तीचं शुल्क दरातच दाखवावं लागतं, पण हॉटेलचं पार्किंग ऐच्छिक धरतात, त्यामुळे ते दरात दिसत नाही. समजा लांबचं हॉटेल रात्रीला ६० डॉलर स्वस्त आहे. रोज डिस्नेचं पार्किंग घेतलंत तर पस्तीसच्या वर तिथेच गेले. उरलेल्या वीस-पंचवीस डॉलरसाठी दुपारची झोप घालवायची का, ते तुम्ही ठरवा. चालत जाणार असाल तर गाडीच नको. जॉन वेन विमानतळावरून टॅक्सी केली की झालं.

दर अचानक चढलेले दिसले तर कन्व्हेन्शन सेंटरचं वेळापत्रक बघा. ते कटेलाच्या दक्षिणेला, पार्कापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जानेवारीत शाळा सुरू, गर्दी कमी, हॉटेल स्वस्त असं गणित आपण मांडतो, आणि नेमकं तेव्हाच संगीतवाद्यांच्या व्यापाऱ्यांचं 'नॅम' हे मोठं प्रदर्शन तिथे भरलेलं असतं.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न: हेच गणित इतर पार्कांना लावता येईल का? मोजायची पद्धत तीच, उत्तरं वेगळी. युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूड टेकडीवर आहे. तिथे अंतराआधी चढ बघा. पॅरिसच्या डिस्नेलँडला आरईआर ए ही रेल्वे गेटाशीच आणून सोडते, त्यामुळे एक स्टेशन अलीकडे राहणं शहाणपणाचं. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकाला लागूनच हॉटेल आहे; बाकीची हायवेवर, तिथून पायी जायचा विचारही नको.

गेटं कायम तिथेच राहतील असंही नाही. २०१६ च्या सुमारास डिस्नेने हार्बरच्या पूर्वेला पार्किंग इमारत आणि रस्त्यावरून पादचारी पूल अशी योजना आणली होती. समोरच्या हॉटेलवाल्यांनी कडाडून विरोध केला, कारण त्यांच्या पाहुण्यांना वळसा पडला असता. योजना बारगळली आणि २०१९ मध्ये नवी इमारत पश्चिमेला झाली. २०२४ मध्ये शहराने पुढच्या विस्ताराला मंजुरी दिली आहे, तेव्हा तीन-चार वर्षांपूर्वीचा कोणाचा सल्ला असेल तर वाट तीच आहे ना, एवढं तपासा.

शेवटच्या दिवसाचं राहिलं. खोली अकराला सोडायची आणि विमान रात्रीचं, अशी वेळ बऱ्याच जणांवर येते. जवळच्या हॉटेलात बॅगा ठेवून पार्कात जाता येतं. मात्र सामानाची खोली किती वाजता बंद होते ते सकाळीच विचारा. लहान मोटेलांत रात्री काउंटरवर एकच माणूस असतो. आणि पासपोर्ट, औषधं, चार्जर त्या बॅगांत टाकू नका.