हरकत असल्यास कळवावे
(सोलापुरात एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मंडळी आणि समोर जमलेले सगळे, नमस्कार. सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रा, अजून उठलेला नाही, त्यामुळे तुमच्यातले निम्मे इथून थेट होम मैदानावर जाणार हे मला दिसतंय. पुढच्या रांगेतली पोरं आत्ताच चुळबुळ करायला लागलीत. बाळांनो, तुमचा पाळणा चुकणार नाही, शब्द देतो.

पत्रिकेत विषय छापलाय तो असा: सार्वजनिक सोहळे आणि अनुवादसेवा यांवर महापालिकेनं पैसा खर्च करावा का? उत्तर आधीच सांगून टाकतो. करावा. आणि दोन्हींचा खर्च अंदाजपत्रकात एकाच लेखाशीर्षाखाली धरावा. कशाच्या आधारावर, ते पुढे येईलच. पण त्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय मला या विषयात शिरताच येत नाही.

साल 1979. मी पाचवीत. घर शहराच्या पूर्व भागात, बोलणं सगळं तेलुगू, शाळा मराठी. माझी आजी, आम्ही अव्वा म्हणायचो, विड्या वळायची. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरात हे झालंय, तरीही सांगतो, कारण नव्या पिढीला आता ते बघायला मिळत नाही. मांडीवर सूप. सुपात एका कडेला तंबाखू, दुसरीकडे भिजवून मऊ केलेली पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं त्या मापाचं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि विडीचं तोंड नखानं आत दाबून बंद करायचं. अव्वाच्या त्या नखाची कड कायम पिवळी असायची, लग्नकार्यात हळद लागली तरी तो पिवळा रंग वेगळा दिसायचा. दिवसाला हजार विड्या पूर्ण व्हायला हव्यात म्हणून जेवणसुद्धा सुपाशेजारी. संध्याकाळी माल द्यायला कारखान्यात जायचं, तिथं छाट निघायची. नापसंत विड्या बाजूला काढल्या की त्यांची मजुरी गेली. त्या छाटीबद्दल बोलायचं तर आणखी एक व्याख्यान लागेल.

तर एक दिवस घरी कागद आला. कामगारांच्या नोंदीशी संबंध असलेल्या एका कार्यालयाचा. कुठलं कार्यालय ते सांगणार नाही, मला कुणावर राग काढायचा नाही. छापील मराठी कागद, मधल्या रिकाम्या जागांत शाईनं भरलेलं अव्वाचं नाव, वय, आणि खाली एक ओळ: "वरील तपशिलाबाबत हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे." घरात मराठी वाचणारा मी एकटा. अव्वानं हातातली विडी खाली ठेवली नाही, नुसतं विचारलं, "एम् रासिंड्रुरा?" काय लिहिलंय रे?

मी मोठ्या ऐटीत वाचलं. नाव बरोबर होतं. वयाचा आकडा होता 42, अव्वाचं वय 51. पण पाचवीतल्या पोराला आजीचं वय कुठून ठाऊक असणार? आणि "हरकत" हा शब्द मला येत होता. आमचे वर्गशिक्षक दिवसातून दहा वेळा म्हणायचे, "काही हरकत नाही." वही विसरली, काही हरकत नाही. उद्या आण. म्हणजे हरकत म्हणजे अडचण, त्रास. मी अव्वाला सांगितलं, काही त्रास असेल तर येऊन सांगा असं लिहिलंय. अव्वा म्हणाली, आपल्याला कसला त्रास? मी म्हणालो, "एम् लेदु अव्वा." काही नाही. तिनं कागद घडी करून देव्हाऱ्यामागे खोचला.

पुढं 1986 साली मी बारावीत होतो. अव्वाला खऱ्या वयानं 58 पूर्ण झाली, हात सुजायला लागले होते, म्हणून आम्ही दोघं काम सोडताना मिळणारे हिशेबाचे पैसे मागायला गेलो. टेबलामागच्या माणसानं मोठी वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, नोंदीप्रमाणे यांचं वय 49 आहे. मी वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, "हरकत आली नव्हती ना." तो माणूस वाईट नव्हता हो. त्यानं अव्वाला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. पण त्या टेबलापाशी उभा असताना मला तो शब्द पहिल्यांदा कळला. कागदावरचं वय पूर्ण व्हायची वाट बघत अव्वा आणखी नऊ वर्षं सुपापुढं बसली. नऊ वर्षं. मला ती एका शब्दानंही बोलली नाही. उलट घरी येताना म्हणाली, तू लहान होतास.

मी आज 30 वर्षं मराठी शिकवतोय. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. या भाषेवर माझा जीव आहे, तिनंच मला उभं केलं. दर वर्षी पाचवीच्या वर्गात एक दिवस मी फळ्यावर "हरकत" लिहितो आणि दोन्ही अर्थ समजावून सांगतो, वाक्यात वापरून घेतो. कारण त्या वर्गात दर वर्षी चार-पाच पोरं अशी असतातच, जी आपल्या घरची दुभाषी आहेत. दवाखान्यात आईच्या शेजारी उभं राहून आईचं पोटाचं दुखणं डॉक्टरांना सांगणारी मुलगी मी पाहिली आहे. मान खाली, आवाज बारीक. आईनं जे सांगितलं त्यातलं अर्धं तिनं लाजेनं गाळलं. डॉक्टरांनी जे सांगितलं त्यातलं अर्धं तिला कळलं नाही. ते ओझं मुलांच्या डोक्यावर ठेवणं चूक आहे, आणि हे मी कुठंही, कुणाहीसमोर म्हणेन.

आता डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावच्या डॉक्टरांचं नाव घेतो. द्वारकानाथ कोटणीस. 1910 साली इथं सोलापुरात जन्मले. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथं युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथंच गेले. वय अवघं बत्तीस. आपण त्यांच्या त्यागाबद्दल नेहमी बोलतो. मला त्यांची आणखी एक गोष्ट मोठी वाटते. ते चिनी भाषा शिकले. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलायला लागले. मुलाचं नाव ठेवलं ते इन्हुआ, म्हणजे इन् भारताचा आणि हुआ चीनचा. सोलापूरच्या पोरानं परक्या मुलुखात, बंदुकांच्या आवाजात हे केलं. मग त्याच सोलापुरात, शांततेच्या काळात, खिडकीपलीकडच्या बाईला तिच्या भाषेत दोन वाक्यं सांगण्याची सोय व्हायला काय अडचण आहे?

कुणी म्हणेल, सोलापुरात भाषेवाचून कुणाचं अडतं? नळावर बघा. खरंय. पाणी आलं की एकीचं तेलुगू, एकीचं कानडी, एकीचं उर्दू, एकीचं मराठी, आणि भांडण एकच! तिथं दुभाषी लागत नाही, कारण घागर कुणाची पुढं हे सगळ्यांना दिसतंय. यात्रेचंही तेच. ही यात्रा ज्यांची, त्या बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कानडी. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, सम्मती कट्ट्यापाशी येतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं दाटीवाटीनं उभी असतात. सम्मती, म्हणजे त्या विवाहाची मंगलवचनं, वाचली जाते, आणि तिचा शब्दन् शब्द कळो न कळो, अक्षता कधी टाकायच्या हे लाखभर हातांना एकाच क्षणी कळतं. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणताना कोण कुठल्या घरातला हे विचारायचं सुचत नाही. त्याच आठवड्यात 12 जानेवारीला आपण हुतात्म्यांना वंदन करतो. 1931 साली येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नुसती नावं वाचली तरी शहराच्या चार वस्त्या डोळ्यांपुढं उभ्या राहतात.

सोहळ्यावर पैसे का घालायचे, याचं माझं उत्तर इथं आहे. माणसं शेजारी उभी राहायला शिकतात ती अशा ठिकाणी. पण नळावर आणि यात्रेत कळतं ते डोळ्यांनी. कार्यालयात सगळं असतं कागदावर, आणि "हरकत" डोळ्यांनी दिसत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता पळत पळत सांगावा लागणार. ठीक आहे, ऐका.

आधार कशाचा? 1992 सालची 74 वी घटनादुरुस्ती, 1 जून 1993 पासून लागू. तिनं बारावी अनुसूची आणली, शहरांसाठी 18 कामांची यादी. त्यात 13 वं काम आहे सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं. म्हणजे पालिका सोहळ्याला हातभार लावते तेव्हा ती परक्याच्या अंगणात गेलेली नसते. भाषेचं म्हणाल तर अनुच्छेद 350 क पाहा. अल्पसंख्य भाषांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, हा प्रयत्न राज्यानं आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणानंही, म्हणजे पालिकेनंही, करायचा आहे. आपल्या पालिकेनं मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा शाळा चालवल्या, त्या याच वाटेवर. मग लेकराला त्याच्या भाषेत शिकवणारी पालिका त्याच्या आजीला तिच्या भाषेत बिल का समजावून सांगत नाही?

मराठीचं काय होणार, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारतात. महाराष्ट्राच्या 2022 च्या कायद्यानं स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून, आणि ते योग्यच आहे. पण अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकाचा खटला आठवा. वर मराठी, खाली उर्दू. 15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मराठीच्या जोडीला दुसरी भाषा वापरायला हा कायदा मनाई करत नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. कारभार मराठीतच राहील. समजावणं चार भाषांत होईल. मराठी शिकलेली माझ्यासारखी माणसं त्यानं कमी होणार नाहीत, उलट ज्यांना कार्यालयाची भीती वाटते ती माणसं मराठीच्या दारात तरी येतील.

सोहळ्यांच्या पैशाला मात्र एक कुंपण घालायलाच हवं. अनुच्छेद 27 प्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. म्हणून मंडळाच्या हातात धनादेश नको. दिवे, झाडलोट, पाणी, फिरती शौचालयं, बायकांसाठी वेगळी, प्रथमोपचार, हे सगळ्यांना सारखं द्यावं. गड्ड्याला द्या, मार्कंडेयाच्या रथाला द्या, बतुकम्माला द्या, उर्साला द्या, भीमजयंतीला द्या. आणि कुणाला काय दिलं, किती खर्च आला, ते झोन कार्यालयाच्या भिंतीवर लावा.

आता अनुवाद. इथं सगळ्यात मोठा गैरसमज होतो, म्हणून घड्याळ बाजूला ठेवून एवढं सांगतोच. अनुवाद म्हटलं की लोक छापखान्याकडे धावतात. आमच्या अव्वाला तेलुगू लिपीतला कागद दिला असता तरी तो तिनं देव्हाऱ्यामागेच खोचला असता, तिला वाचताच येत नव्हतं. मी स्वतः तेलुगू बोलतो, पण ती लिपी वाचायला शिकलो ते नोकरी लागल्यावर. पूर्व भागातली कितीतरी तरुण मुलं घरी तेलुगू बोलतात आणि वाचतात फक्त मराठी. म्हणून इथं अनुवाद तोंडी हवा. प्रत्येक झोन कार्यालयात आणि नागरी आरोग्य केंद्रात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, मानधन घेऊन बसणारा दुभाषी हवा. त्याच वस्तीतली बारावी झालेली मुलगी हे काम करू शकते. तिला महिनाभर शिकवा: थकबाकी म्हणजे काय, हरकत म्हणजे काय, ऐकलेलं गाळायचं नाही, स्वतःचं घालायचं नाही, दुसऱ्याचं दुखणं बाहेर बोलायचं नाही. आज हे काम आशाताई फुकट करतात, त्यांच्या बाकीच्या कामांच्या वर. आणि घंटागाडीवर भोंगा आहेच. कर भरायची मुदत, लसीकरणाचा दिवस, पाणी उकळून प्या, हे चार भाषांत रेकॉर्ड करून लावायला किती खर्च येणार?

पाणी रोज येत नाही आणि यांना दुभाषी हवेत, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. पाणी रोज यावं म्हणून मी मोर्च्यात चाललोय, पुन्हा चालेन. पण पाणी कधी येणार, गढूळ आलं तर तक्रार कुठं करायची, हे ज्या बाईला सांगताच येत नाही तिची तक्रार नोंदवहीत येत नाही. मग वरच्या माणसाला वाटतं त्या गल्लीत सगळं ठीक आहे. हरकत आली नव्हती ना.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. एकच काम उरलंय. कराच्या नोटिशीत नेहमी येणारे चाळीस शब्द मी काढलेत आणि ते बोलीतल्या तेलुगूत समजावून फोनवर रेकॉर्ड केलेत, जसं अव्वाला सांगितलं असतं तसं. कानडी आणि उर्दूसाठी मला माणसं हवी आहेत. पुस्तकी नको, घरात बोलतात तशी. दाराशी डाव्या हाताला टेबल मांडलंय, वही ठेवली आहे. गड्ड्यावर जायच्या आधी तिथं नाव लिहून जा, आणि घरी आजी असेल तर पुढच्या वेळी तिलाही घेऊन या, शब्द बरोबर लागतात का ते तिच्याकडूनच तपासून घ्यायचंय.